वासोट्याच्या पायथ्याशी एक नदी होती

साताऱ्याच्या जावळी भागातल्या वासोटा किल्ल्याबद्दल लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण बोटीपासून सुरुवात करतो. बामणोलीचा धक्का, लाईफ जॅकेट, शिवसागरातून, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातून, तासा-दीड तासाचा प्रवास, समोर गच्च रान आणि त्यातून वर उठलेला कडा. वर्णन खरं आहे, देखणंही आहे. पण ते वाचून असं वाटतं की हा किल्ला पहिल्यापासून पाण्याच्या पलीकडेच होता, बोटीशिवाय तिथे कुणी गेलंच नाही. आमच्या घरात हे कुणालाच पटत नाही. आमचे आजोबा वासोट्याच्या पायथ्याला चालत जायचे, नदी ओलांडून, खांद्यावर ओझं घेऊन. शिवसागराचं वय जेमतेम साठ-पासष्ट वर्षं. किल्ला त्याच्या कितीतरी शतकं आधीचा. बोट ही वासोट्याच्या गोष्टीतली अगदी कालची भर आहे.

आमचं गाव जावळी तालुक्यातलं, बामणोलीच्या अंगाला. 'गाव' म्हणते ते आत्ताचं, डोंगराच्या उतारावर वर सरकलेलं. जुनं गाव खाली नदीकाठी होतं. कोयना धरणाचं पाणी चढत आलं तेव्हा आमच्या भावकीची फाटाफूट झाली. काही घरं पुनर्वसनात लांबच्या जिल्ह्यांत गेली, काही जण 'जमीन गेली तरी डोंगर सोडणार नाही' म्हणत वर चढले. वर भात पिकवायला जागा नाही, नाचणी-वरीवर भागत नाही, म्हणून पुढची पिढी मुंबईला आली. जावळी आणि पाटण तालुक्यांतून माथाडीत किती माणसं आली हे कोपरखैरण्यात आणि घणसोलीत राहणाऱ्या कुणालाही विचारा. माझे वडील त्यांतलेच. वाशीच्या मार्केटात त्यांनी आयुष्यभर गोणी उचलल्या. मी कोपरखैरण्यात वाढले. गावाला जायचं ते जत्रेला आणि मे महिन्यात.

मे महिना इथे महत्त्वाचा आहे. पावसाळ्यानंतर भरलेला शिवसागर सगळं झाकून टाकतो. तेव्हा तो नुसता सुंदर दिसतो. उन्हाळ्यात वीज आणि सिंचनासाठी पाणी सुटत राहतं, जलाशय उतरतो आणि काठाला मातीचे तांबूस-करडे पट्टे उघडे पडतात. कोयना ओळखायची असेल तर तेव्हा यावं. गेल्या उन्हाळ्यात मी वासोट्याला गेले ती माझ्या वडिलांच्या चुलतभावाला, तात्यांना, बरोबर घेऊन. पाणी आलं तेव्हा तात्या दहा वर्षांचे होते. आता गुडघे दुखतात, गड चढणं जमणार नव्हतं. पण बोटीतून पायथ्यापर्यंत येतो म्हणाले.

बोट निघाली आणि तात्या बोलायला लागले. त्यांना समोरचं पाणी दिसतच नव्हतं, त्याच्या खालचं दिसत होतं. "हितं आपलं खाचर. त्याच्या वरल्या अंगाला पाटलांची आंबराई. हितनं वाट खाली उतरायची नदीला." बोटवाला ओळखीतलाच, त्याने इंजिन मंद केलं. काठाला उघड्या पडलेल्या उतारावर भातखाचरांचे बांध स्पष्ट दिसत होते, एकाखाली एक, दगड अजून जागच्या जागी. साठ पावसाळे वर्षातले बरेच महिने पाण्याखाली राहून बांध फुटलेले नाहीत. ज्यांनी ते रचले त्यांना दगड बसवणं येत होतं, एवढं नक्की.

तात्यांनी एका जागी बोट लावायला सांगितली. चिखल वरून सुकलेला, भेगाळलेला, आत पाय रुतत होता. चार पावलांवर एक सपाट खडक आणि त्यात कोरलेलं उखळ. गाळाने अर्धं भरलेलं. मी बोटांनी गाळ काढला. आतली बाजू अजून गुळगुळीत लागते. काठाला एका बाजूने जरा जास्त झीज होती, कांडणारी बाई रोज एकाच बाजूला उभी राहत असणार. तात्या म्हणाले, "तुझ्या आजीच्या सासूनं हितं कांडलंय, बाय. अंगण हितं होतं." मी त्या उखळात हात घालून किती वेळ बसले ते मला सांगता येणार नाही. बोटवाला मात्र एकदाही 'चला' म्हणाला नाही.

आता हे सगळं वासोट्याबद्दलच का लिहायचं? कारण किल्ला एकटा नसतो. खोऱ्याशिवाय किल्ल्याला अर्थ नसतो, आणि वासोट्याच्या इतिहासात हे पानोपानी दिसतं.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि कृष्णेसारखी सरळ पूर्वेला न जाता सह्याद्रीच्या कण्याला धरून दक्षिणेकडे वाहते. हेळवाकपाशी वळते आणि मग कऱ्हाडला कृष्णेला मिळते. म्हणजे हेळवाकपर्यंतचं हे सगळं खोरं म्हणजे दोन डोंगररांगांमधली एक लांबच लांब अरुंद पट्टी. जावळीच्या मोऱ्यांचा दरारा होता तो याच मुलुखावर. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. तीन वर्षांनी अफजलखानाची छावणी पडली तीही याच नदीच्या काठी, वर पार गावापाशी. आणि या पट्टीच्या पश्चिम कडेवर, कोकणात उतरणाऱ्या वाटांच्या डोक्यावर वासोटा. पूर्वेला खोरं, पश्चिमेला कोकण. दोन्हीकडे नजर ठेवणारा. बांधकामाचं श्रेय परंपरेने शिलाहार राजा दुसऱ्या भोजाला देतात, म्हणजे बाराव्या शतकात नेतात. महाराजांनी त्याला व्याघ्रगड म्हटलं असं सांगतात, आणि ते रान बघितल्यावर नाव शोभतं.

कैदी ठेवायला हा गड सोयीचा. राजापूरच्या वखारीतले इंग्रज १६६१ साली पकडले गेले, त्यांतल्या काहींना इथे ठेवलं होतं. पुढे दुसऱ्या बाजीरावाने साताऱ्याच्या छत्रपतींच्या कुटुंबाला इथे ठेवलं, त्याच सुमारास हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारीही इथल्या कैदेत होते.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती ताई तेलीण. औंधच्या पंत प्रतिनिधींच्या बाजूने तिने पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्याविरुद्ध हा गड लढवला. एकोणिसाव्या शतकाची पहिलीच वर्षं, शेवटची मराठेशाही, आणि एक बाई आठ-आठ महिने गड सोडत नाही. बापूला कासोटा सांभाळायला सांगणारी ओवी आमच्याकडे अजून म्हातारी माणसं म्हणतात. ती हरली कशी हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. गडावरच्या दाण्याच्या कोठाराला आग लागली. तटाने नाही, कड्याने नाही, दाण्याने घात केला. तो दाणा कुठून आला होता? खालूनच. कोयनेच्या काठच्या खाचरांतून गडावर चढलेला भात आणि वरच्या उतारावरची नाचणी. आमच्या खापरपणजोबांच्या पिढीतल्या कुणाच्या पाठीवरून तो चढला असेल का, असा विचार मी त्या चढणीवर करत होते.

बोट मेट इंदवलीला लागते. हे गडाच्या पायथ्याचं गाव. आता गाव नाही, वनखात्याची चौकी आहे. तिथे नोंद करायची, पिशवीतल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून द्यायच्या आणि परत येताना तेवढ्याच दाखवायच्या. ही शिस्त मला मनापासून आवडली, इतर गडांवरही हवी. मुक्कामाला परवानगी नाही. तात्या चौकीच्या सावलीला बसले आणि मी चुलतभावाबरोबर वर निघाले.

वाट सुरुवातीपासून झाडीत. ओढ्याजवळ मारुती. ओढा ओलांडला की चढ सुरू होतो आणि मग तो पार गडाच्या पायऱ्यांपर्यंत दम काढतो. अंजनी, जांभूळ, हिरडा, मध्येच करवंदाच्या जाळ्या. मे महिना असल्यामुळे करवंदं पिकलेली होती आणि वाटेवर गव्याचं ताजं शेण. रान थंड आहे, भर दुपारी सुद्धा.

हे रान किती मोलाचं आहे ते मी वेगळं सांगायला नको. १९८५ साली कोयना अभयारण्य झालं, २०१० साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं, २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं. ते टिकलंच पाहिजे. पण वरचेवर कुणी या जंगलाला 'माणसाचा स्पर्श न झालेलं' म्हणतं तेव्हा मला राहवत नाही. पायथ्याजवळ रानात शिरलात तर ओळीने लावलेले आंबे दिसतात. आंबा आपण होऊन ओळीत उगवत नाही. जोती दिसतात, तुळशीवृंदावनाचा दगड दिसतो. आधी पाण्याने खोऱ्यातली शेती नेली आणि काठच्या गावांचे रस्ते तोडले. मग अभयारण्य आलं तेव्हा उरलेल्या गावांनाही उठावं लागलं. काही घरं एका आयुष्यात दोनदा उठली. त्या रिकाम्या जागेवर हे जंगल उभं आहे. वाघासाठी जागा झाली याचा मला आनंद आहे, आणि ज्यांनी ती जागा रिकामी केली त्यांची नावं कुठल्याच फलकावर नाहीत याचा रागही आहे. दोन्ही एकाच वेळी आहे.

पायऱ्या चढून दरवाजाच्या अवशेषातून वर आलं की समोर बिनछपराचा मारुती. तिथून वाटा फुटतात. वाड्यांची जोती झाडीत बुडालेली. जवळ चुन्याचा घाणा आहे, तो नक्की बघा. दगडी गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक, बैल जुंपून चुना मळायचा. म्हणजे या कड्यावर बैल चढले होते, त्यांना चारा लागत होता, बैल हाकणारा माणूस लागत होता. गडावर आता जी शांतता वाटते ती मूळची नाही. टाक्यांना पाणी होतं. महादेवाचं देऊळ छोटंसं, नेटकं, अजून पूजेत आहे.

काळकाईच्या ठाण्याकडच्या माचीवरून शिवसागर दिसतो. सगळे इथे फोटो काढतात, मीही काढले. नकाशा आधी बघून गेले होते, म्हणून पाण्याच्या फाट्यांवरून खालच्या दऱ्या जुळवता आल्या. सोळशी इथे, कांदाटी इथे, कोयनेचं मूळ पात्र बहुधा त्या दोन टेकाडांच्या मधून. सुमारे ११५ चौरस किलोमीटरचा हा जलाशय. १०३ मीटर उंचीचं धरण इथून दिसत नाही, ते पार दक्षिणेला कोयनानगरला. पण दर पावसाळ्यात अख्खा महाराष्ट्र वर्तमानपत्रात वाचतो की कोयनेत किती टीएमसी, म्हणजे किती अब्ज घनफूट पाणी झालं, नवजाला किती पाऊस पडला, महाबळेश्वरला किती. १०५.२५ टीएमसी झालं की धरण भरलं. आमच्याकडे त्याचा अर्थ वेगळा, आजोबांचं अंगण पाण्याखाली किती खोल गेलं.

दुसऱ्या टोकाला बाबूकडा. त्याच्याबद्दल काय लिहावं. मध्ये अर्धगोल खोल दरी, पलीकडे शेजारचा डोंगर, ज्याला जुना वासोटा म्हणतात, खाली कोकण. कड्याच्या काठावर पालथं पडून खाली बघितलं तर पोटात गोळा येतो. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांच्या जनरल प्रिट्झलरच्या फौजेने समोरच्या त्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या आणि तिथून या गडावर मारा केला. तटबंदीने ज्या बाजूचा धोका धरलाच नव्हता ती ही बाजू. मारा सुरू झाल्यावर गड फार टिकला नाही. आत्ताची पडझड बरीचशी तेव्हाची. तोफा इथवर आल्या त्या खोऱ्यातूनच. पाणी असतं तर कशा आल्या असत्या हा प्रश्नच आहे. वासोट्याला पाण्याचा खंदक मिळाला तो लढायची वेळ संपल्यावर दीडशे वर्षांनी.

बाबूकड्यावर पश्चिमेकडे तोंड करून उभी होते तेव्हा एक गोष्ट लख्ख कळली. कोयना दक्षिणेकडे वाहिली तरी अखेर पूर्वेला वळणारी नदी. तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला मिळायचं. आता त्यातलं बरंचसं सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवतात, कोकणातल्या पोफळीला खाली पाडतात, त्यावर वीज करतात आणि मग ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. कृष्णेच्या पाण्याचा राज्याराज्यांतला वाद सोडवणाऱ्या कृष्णा तंटा लवादाने पश्चिमेला वळवायच्या पाण्याला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. सगळे टप्पे धरून १९६० मेगावॅटच्या आसपास क्षमता. पहिली वीज १९६२ साली आली. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ साली तलावाच्या तळालाच आतून भोक पाडलं, लेक टॅपिंग म्हणतात ते. अभियांत्रिकी म्हणून थक्क करणारं काम आहे, आणि मी ज्या शहरात दिव्याखाली अभ्यास केला तिथल्या उजेडात त्याचा वाटा आहे हे मी विसरत नाही. फक्त माझ्या आत्याच्या घरात, जलाशयाच्या काठावर, दिवा लागायला त्यानंतर कित्येक वर्षं गेली. ती अजून सांगते, पलीकडे आभाळात उजेड दिसायचा आणि आमच्यात चिमणी.

भूकंपाचं आत्याकडूनच ऐकलं. ११ डिसेंबर १९६७ची पहाट. मांडणीवरची सगळी भांडी एकदम खाली आली, गोठ्यातल्या म्हशी दावं तोडून पळाल्या. खाली कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणाच्या साठ्यामुळे भूकंप होऊ शकतो याचं जगभर अभ्यासलं जाणारं उदाहरण आज कोयना आहे. वर सरकून नवीन बांधलेली घरं पाच-सहा वर्षांत पुन्हा पडली. आजोबांनी तिसऱ्यांदा भिंती घातल्या.

खाली उतरले तेव्हा तात्या चौकीवरच्या वनरक्षकाला काहीतरी समजावून सांगत होते. जमिनीवर काडीने नदी काढली होती. उताराची, म्हणजे नदी पायी ओलांडायची, जागा कुठे, हिवाळ्यात पाणी गुडघ्याएवढं कुठे व्हायचं, महाशिवरात्रीला नागेश्वराला जाणारी माणसं कुठून ओलांडायची, कोकणातून चोरवण्याकडून चढून येणारे कुठे भेटायचे. नागेश्वराची गुहा वासोट्याच्या पुढे, कड्यातच. चोरवण्याची वाट अजून चालू आहे, महाशिवरात्रीला अजून माणसं येतात. आमच्या बाजूची वाट मात्र आता पाण्यावरून. तो तरुण वनरक्षक मन लावून ऐकत होता. त्याने मोबाईलमध्ये त्या काडीच्या नकाशाचा फोटो काढून घेतला आणि मग मला सुचलं की मीही काढायला हवा.

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. पलीकडच्या काठावरच्या खिरखंडीच्या मुली शाळेसाठी स्वतः नाव वल्हवत जलाशय ओलांडायच्या आणि पुढे जंगलातून चालायच्या. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली तेव्हा बातमी झाली. कोयनेच्या प्रकल्पग्रस्तांची आंदोलनं अजून चालू आहेत, श्रमिक मुक्ती दलाने कोयनानगरला केलेली धरणे आंदोलनं बऱ्याच जणांनी पाहिली असतील. पहिल्या पिढीने जमीन दिली, तिसरी पिढी कागद घेऊन फिरते आहे.

वासोट्याला जाणाऱ्यांनी जरूर जावं. काठच्या गावांत आज जो चार पैशांचा आधार आहे त्यातला मोठा भाग बोटींचा आणि पर्यटकांच्या जेवणाचा आहे. पण दिवाळीनंतरच्या गर्दीत न जाता एकदा एप्रिल-मे मध्ये जा. ऊन सोसावं लागेल, काठाला चिखल असेल, फोटो तितके निळे येणार नाहीत. बोटवाल्याला विचारा, इथे खाली काय होतं? काठच्या गावांतले बहुतेक बोटवाले कुठल्यातरी बुडालेल्या गावचे आहेत आणि कुणी विचारत नाही म्हणून सांगत नाहीत. उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर कुठे कडधान्य टाकलेलं दिसेल. ज्यांची जमीन होती त्यांच्याच घरातली माणसं तीच जमीन चार महिन्यांसाठी कसताना भेटतील.

तात्यांच्या त्या काडीच्या नकाशावरून मी घरी येऊन वहीत एक नकाशा मांडायला घेतला आहे. जुन्या वाड्या, खाचरांची नावं, पाणवठे, देवळं, नदीचे उतार. मेट इंदवलीच्या समोरचा काठाचा पट्टा अजून कोरा आहे. तात्यांना ते आठवत नाही, त्यांचा वावर त्या बाजूला नव्हता. तुमच्या घरात १९६०च्या आधी त्या काठाला राहिलेलं कुणी असेल, आजी, मामा, सासऱ्यांकडचे कुणी, तर त्यांना एवढंच विचारा की इंदवलीला जायला नदी कुठे ओलांडायचे आणि त्या जागेला काय म्हणायचे. आणि मला कळवा. त्या पिढीतली माणसं आता फार थोडी उरली आहेत, म्हणून जरा लवकर.